लाल रेघेखालची नदी

मी एक लाल-निळी पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. मधोमध जिथे दोन्ही रंग भेटतात तिथे कंपनीचं नाव होतं, ते आता बोटांनी पुसून गेलंय. सध्या माझी लांबी करंगळीएवढी आहे. पेन्सिलीचं वय वर्षांत मोजत नाहीत, ती किती उरली त्यावरून ते कळतं. माणसांचंही असंच मोजावं असं मला कधी कधी वाटतं, पण माणसाचं टोक कुठल्या बाजूला असतं ते नीटसं कळत नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. कधीकाळी मी झाड होते म्हणतात. कुठल्या डोंगरावर, कुणाच्या शेजारी, काही सांगता येत नाही. फक्त गुंगीत असले की अंगावरून वारा जातोय असं वाटतं, पानं वाजताहेत असंही वाटतं. जागी झाले की तो पंखा असतो, आणि वाजत असतात ते कागद.

मला बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्याच्या आस्थापना विभागात आणलं गेलं. कारखान्यात मोठमोठी यंत्रं बनत. आमच्या विभागात त्या यंत्रांएवढ्या फाइली बनत. नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचा तुकडा स्टोअरमध्ये जमा करावा लागे, आणि तो अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा असला तर स्टोअरवाला परसू तो परत हातात ठेवी. "हिच्यात अजून जीव आहे," असं म्हणे. त्या इमारतीत जीव आहे की नाही हे तपासण्याची पद्धत फक्त पेन्सिलींसाठी होती.

माझे मालक दामोदर. वरिष्ठ लिपिक. जन्म बेंगळुरूचा, घर चामराजपेटेत, घरात बोलणं मराठी आणि त्यात मीठ कानडीचं. वाचन दांडगं. डबा खाऊन झाला की ते टेबलाच्या खणातून कवितेचं पुस्तक काढत आणि दोन पानं वाचून डुलकी घेत. पुस्तकात रेघ मारणं मात्र त्यांना पाप वाटे. त्यामुळे कित्येक वर्षं मी कवितांच्या शेजारी पडून राहिले, पण माझा त्यांच्याशी परिचय झाला नाही. बँकेतला पहारेकरी जसा नोटांच्या शेजारी उभा असतो, तशी.

माझं काम टिपणीवर चाले. निळी रेघ म्हणजे ठीक आहे, पुढे पाठवा. लाल रेघ म्हणजे खुलासा मागवा, नाहीतर काढून टाका. आणि आमच्या विभागात एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. टिपणीत "मी" लिहायचं नाही. "मला वाटते" तर अजिबात नाही. "असे दिसून येते", "असे आढळते", "हरकत नसावी" असं लिहायचं. कुणाला दिसून येतं, कुणाला आढळतं, हे विचारायचं नाही. दामोदर नवीन असताना एका कामगाराच्या रजेच्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं, "मला वाटते, याची आई खरोखर आजारी आहे." सुपरिंटेंडेंट वादिराज यांनी तो कागद सगळ्या विभागासमोर धरला, "मला"भोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, "दामोदर अण्णा, फाइल बोलते. आपण नाही बोलायचं. सरी?"

ही माझ्या आधीच्या पेन्सिलींच्या काळातली गोष्ट. खणात एकीनं दुसरीला सांगत सांगत माझ्यापर्यंत आली. दामोदर त्या दिवशी "सरी", म्हणजे "बरं", म्हणाले, ते पुढे चौतीस वर्षं म्हणत राहिले. विभागात त्यांच्याइतकी स्वच्छ टिपणी कुणाची नसे. आरशासारखी स्वच्छ, फक्त समोर कुणी उभं राहिलं तरी त्यात दिसत नसे.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी चुकून खिशात राहिले. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते मला परत करायला कारखान्याच्या फाटकावर गेले, तर आता पास नाही म्हणून त्यांना आत सोडेनात. अशी मी घरची झाले.

नंतरची वर्षं मी खणात पडून होते. खणातला काळोख मऊ असतो. वर प्रेमाबाईंच्या, म्हणजे दामोदरांच्या पत्नीच्या, कुकरच्या शिट्ट्या, खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, आणि मध्ये मी. मला वाटायचं, आपण आता अशाच अर्धवट झोपेत संपणार. रेघ न मारता पेन्सिल किती वर्षं टिकते, तर कितीही.

मग शिवलीला आली.

ती खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. माहेर निपाणीकडचं, नवरा दयानंद बसडेपोत मेकॅनिक. ती स्वतः लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये कानडी आणि मराठी मजकूर टाईप करायची. वय छत्तीस. दहावी झाल्यावर लग्न झालं, आणि सहा वर्षांपूर्वी तिनं प्रवेशपरीक्षा देऊन दूरशिक्षणाच्या एका विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. एकेक विषय सुटत गेला. राहिला एकच गृहपाठ, तोही मराठीचा. विद्यापीठ एक न शिकवलेली कविता देई आणि तिच्यातल्या अलंकारांसह रसग्रहण हातानं लिहून कोल्हापूरच्या अभ्यासकेंद्रात टपालानं पाठवायचं. मागच्या वर्षी तिनं गाइडमधून उतरवलं आणि नापास झाली. यंदा नोंदणीचं शेवटचं वर्ष होतं. हे सुटलं नाही तर सहाही वर्षं वाया.

"हिंदी सुटली, इतिहास सुटला, अर्थशास्त्रसुद्धा सुटलं बगा," ती दारातच उभं राहून म्हणाली. तिच्याकडच्या बायका "मी करतो, मी जातो" असंच बोलतात, पुरुषांसारखं. "आणि मी मराठीत नापास झालो. आईच्या भाषेत. दयानंद हसतोय मला."

"दयानंद स्वतः किती शिकलाय?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"नववी. म्हणून तर हसतोय, अक्का."

"बस. उभी का?"

ती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "हजारो लोकांच्या नावापुढं मी पदव्या टाईप केल्या, अण्णा. बी.ए., बी.कॉम., एम.एस. काय काय. एकदा माझ्या नावापुढं टाईप करावी वाटतंय. कुणाला द्यायला नको. एक कागद काढून बघून ठेवीन."

दामोदर खुलले. निवृत्त माणसाला काम देणं म्हणजे बंद घड्याळाला किल्ली देणं. "त्यात काय आहे," ते म्हणाले, "अलंकार म्हणजे नियमाचं काम. स्वल्प शिस्त लागते, झालं. तू आधी तुझ्या मनानं लिहून आण. मग आपण बघू."

आणि त्यांनी खण उघडून मला काढलं. इतक्या वर्षांनी उजेड डोळ्यांवर आला तेव्हा मी क्षणभर पुन्हा झाड झाले होते.

शिवलीलाच्या गृहपाठाच्या पुस्तिकेत कविता होती. कवीचं नाव दिलेलं नव्हतं. मी तिच्याजवळ आडवी पडले आणि तिची माझी पहिली भेट झाली:

नदी निजली आहे आता,
अंगावर पांघरूण वाळूचे;
उशाशी दोन गोल दगड,
पायाशी दिवे गावाचे.

कोरडे तिचे बोलणे
कडेकडेने कुजबुजते;
बाया येती, वाळू उकरती,
झोपेतही ती पाणी देते.

नदी मी कधी पाहिलेली नाही. पाण्याचा आणि माझा संबंध म्हणजे एकदा माझ्यावर चहा सांडला होता तो. पण त्या ओळी मला ओळखीच्या वाटल्या. मीही निजूनच होते. माझ्याही कडेला कुणीतरी कुजबुजतंय असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शिवलीला दोन पानं लिहून घेऊन आली. दामोदरांनी चष्मा पुसला, मला उजव्या हातात घेतलं, लाल बाजू खाली केली, आणि वाचायला सुरुवात करण्याआधीच रेघ मारायला सुरुवात केली.

"हे काय? 'मला ही नदी माहीत आहे.' काट. तुला माहीत आहे की नाही याचा कवितेशी काय संबंध?"

"बरं अण्णा."

"'मला वाटतं.' काट. 'मला आठवतं.' हे तर बिलकुल काट. रसग्रहण आहे हे. तू कशाला मध्ये येतेस?"

"बरं अण्णा."

तेरा वेळा "मला" होतं. तेरा वेळा मी त्यावरून गेले. मी मोजलं, कारण मला फक्त मोजता येत होतं. रेघ मारणाऱ्याचं लक्ष रेघेच्या टोकाकडे असतं, खालच्या शब्दाकडे नाही. दामोदरांचं तर नव्हतंच. "मला" गेलं की त्याच्या मागचं वाक्य लंगडं होई, म्हणून तेही जाई. वाक्य गेलं की परिच्छेद उघडा पडे, म्हणून तोही. दोन पानांतून शेवटी "नदी", "वाळू" आणि पानाचा आकडा एवढंच उरलं. मी अर्धा इंच झिजले होते, आणि शिवलीलाही थोडी लहान झालेली दिसत होती.

मग दामोदरांनी स्वतः सांगितलं, तिनं उतरवून घेतलं. इथे मी ते जसंच्या तसं देते, म्हणजे अतिशयोक्तीचा आळ नको:

"१. सदर कवितेत नदी निद्रिस्त असल्याचे नमूद करण्यात आले आहे. नदी निर्जीव असल्याने येथे चेतनगुणोक्ती अलंकार आढळतो. २. वाळूला पांघरूण म्हटले असल्याने रूपक अलंकार. ३. 'क' या अक्षराची चार वेळा पुनरावृत्ती झाल्याचे दिसून येते, सबब अनुप्रास. ४. वाळूचे-गावाचे, कुजबुजते-देते येथे यमक जुळत असल्याची खात्री करण्यात आली. ५. वरील सर्व बाबी विचारात घेता सदर कविता आवडण्यास हरकत नसावी."

प्रेमाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि खांद्यावरून वाचू लागल्या. "अहो, कविता आहे ही. बदलीचा अर्ज नाही."

"एक चूक दाखव यात."

"चूक कुठे आहे? तुम्ही चूक करायला काही ठेवलंच नाही."

शिवलीला हसली. तिनं सुवाच्य अक्षरात ते सगळं उतरवलं आणि पाठवून दिलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "अण्णा, ते वाळूचं मी लिहिलं होतं ते नको होतं का अगदी?"

"नको," दामोदर म्हणाले. "परीक्षकाला पुरावा लागतो."

तिचे तेरा "मला" असलेले कागद त्यांनी टाकले नाहीत. लिपिक कागद टाकत नाही. दोऱ्याची टॅग लावून त्यांनी ते एका फाइलीत घातले आणि वर लिहिलं, "शिवलीला, रसग्रहण, कच्चे." मी त्या फाइलीवर झोपले. झोपेत माझ्या पाठीखाली काहीतरी ओलं लागत होतं. स्वप्न असेल म्हणून मी कूस बदलली नाही. तशी पेन्सिल कूस बदलत नाहीच, ती गडगडते.

महिन्यानं पाकीट परत आलं.

रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. शिवलीला वर आली आणि आदल्या दिवशी टपालानं आलेलं ते पाकीट तिनं टेबलावर ठेवलं. शेवटच्या पानावर तपासणाऱ्या बाईंनी हिरव्या शाईत लिहिलं होतं: "अलंकार सर्व बरोबर. पण हे लिहिलं कोणी? कविता वाचताना तुम्ही कुठे होता? पुन्हा लिहून पंधरा दिवसांत पाठवा. यानंतर संधी नाही."

"परत आलं, अण्णा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. "पंधरातले सहा टपालातच गेले."

दामोदरांनी ते पान दोनदा वाचलं. मग सवयीनं मला उचललं आणि बाईंच्या शेऱ्याखाली निळी रेघ मारून म्हणाले, "आक्षेप क्रमांक एक. लिहिलं कोणी. याचा खुलासा देता येईल. आपण असं लिहू की..."

"अहो," प्रेमाबाई म्हणाल्या.

"...सदर विद्यार्थिनीनेच..."

"अहो! त्या पोरीची सहा वर्षं आहेत त्यात. तुमच्या सदरनं बुडवली ती."

रस्त्यावरून एक कांदे-टोमॅटोवाला ओरडत गेला, "टोमॅटो, ईरुळ्ळी!" आणि त्याचा आवाज लांब जाईपर्यंत दामोदर खिडकीकडे बघत राहिले. दामोदरांच्या बोटांत मी होते म्हणून मला कळलं, बोटं गार पडली होती. वादिराजांच्या त्या लाल गोलानंतर चौतीस वर्षांत त्यांची एकही टिपणी परत आली नव्हती.

"न्हाई ओ अक्का," शिवलीला म्हणाली, "त्यांनी मदतच केली. मलाच जमत न्हाई. जाऊ दे. न्हाई झालं तर न्हाई."

ती उठली. तेव्हा दामोदर म्हणाले, "थांब." त्यांनी कपाट उघडलं, टॅग लावलेली फाइल काढली आणि तिचे ते पहिले कागद समोर ठेवले. माझ्याच रेघांनी भरलेले. लाल, सरळ, पट्टीनं मारल्यासारख्या.

"इकडे द्या," प्रेमाबाईंनी कागद ओढून घेतले. "तुम्ही वाचायला लागलात की हात शिवशिवतो तुमचा."

आणि त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. माझ्या रेघांमधून वाट काढत, एकेक शब्द वर उचलत.

"'मला ही नदी माहीत आहे. आमच्या गावची नदी उन्हाळ्यात अशीच झोपायची. मी आणि आई पहाटे घागर आणि वाटी घेऊन जायचो. मला आठवतं, आई म्हणायची, हळू उकर, तिला जाग येईल.'"

प्रेमाबाई थांबल्या. दामोदरांकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे.

"हे तुम्ही खोडलंत?"

दामोदरांनी माझ्याकडे बघितलं. खोडलं तर मीच होतं.

मग दामोदरांनी विचारलं. लिपिकाला रडता येत नाही तेव्हा तो तपशील विचारतो. "वाटी कसली होती?"

"पितळंची. काठ दबलेली."

"किती खोल उकरायचं?"

"कोपरापर्यंत हात गेला पायजे. मग थांबायचं. घाई केली की वाळू परत आत पडती. गप बसायचं बगा. मग तळाला स्वल्प काळं दिसतं, ओलं. मग पाणी येतं हळूहळू. पहिलं गढूळ. ते टाकायचं. दुसरं पण टाकायचं. तिसरं घागरीत." ती बोलता बोलता खाली बसली होती, हात जमिनीवर, बोटं फरशीवर अशी ओढत, जशी वाळूच आहे. "आणि अण्णा, तुमी त्या 'क'चं लिवलं ना, चार वेळा आलाय म्हणून? मला सांगायचं होतं, पण धीर झाला न्हाई. 'कडेकडेने कुजबुजते'. ती वाटी वाळूत घासली की असाच आवाज येतो. क्र, क्र, क्र. आई आणि मी बोलत नव्हतो तेव्हा. तो एकच आवाज असायचा सगळ्या नदीत. नदी कुजबुजत न्हाई, अण्णा. वाटी कुजबुजती. पण अंधारात वाटायचं नदीच बोलाय लागली."

खरं सांगते, त्या वेळी त्या खोलीतलं काहीतरी बदललं. रिक्षांचे हॉर्न कुठेतरी दूर राहिले. टेबलाचं लाकूड माझ्याखाली गार आणि दाणेदार झालं. भिंतीवरचं ते निवृत्तीचं घड्याळ टिकटिक करत होतं, की कुणी वाळू उकरत होतं, ते मला सांगता येईना. तीन माणसं आणि एक पेन्सिल, कुणी हलेना. तळाला काळं, ओलं काही दिसायची वाट बघत असल्यासारखी.

दामोदर शेवटी खाकरले. "याला आधार काय? म्हणजे, 'क' म्हणजे वाटीचा आवाज, असं अलंकारशास्त्रात कुठे म्हटलंय?"

"माझं कान, अण्णा," शिवलीला म्हणाली.

दामोदरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. तो स्वच्छच होता. "सरी," ते म्हणाले. "लिही. इथेच बसून लिही. मी बोलणार नाही."

तिनं त्याच टेबलावर लिहिलं. दुपारची उन्हं खिडकीतून सरकत सरकत तिच्या वहीवर आली, मग तिच्या कोपरावर, मग भिंतीवर गेली. प्रेमाबाईंनी जेवायला वाढलं, तिनं डाव्या हातानं पान पुढे सरकवत उजव्या हातानं आमटीभात खाल्ला, आणि पुन्हा लिहायला लागली. मध्येच दयानंद खालून हाक मारत वर आला, "अगं, पिठाचा डबा कुठाय?" प्रेमाबाई म्हणाल्या, "आज तू आमच्याकडे जेव आणि गप्प बस." तो गॅलरीत पेपर वाचत बसला. कानडी पेपर होता, पण त्यानं तोही कुजबुजत वाचला.

दामोदर समोर बसले होते. तिच्या पेनातून "मला" बाहेर पडलं की त्यांचा हात माझ्याकडे येई. बोटं माझ्यावर टेकत, मग मागे जात. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. एवढा मोठा माणूस असा बसलेला मी प्रथमच पाहिला. मला त्यांचा राग येत नव्हता. चौतीस वर्षं कुणीतरी आपल्याला खोडत असलं की माणूस स्वतःच रबर होऊन जातो.

संध्याकाळी तिनं कागद पुढे केले. "तपासा, अण्णा."

त्यांनी मला उचललं. लाल टोक खाली होतं. त्यांनी वाचलं, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चेतनगुणोक्ती होती, रूपक होतं, अनुप्रास होता, यमक होतं. नावं सगळी त्यांनीच शिकवलेली. पण प्रत्येक नावाच्या शेजारी एक ओली वाळू होती. तिथे लिहिलं होतं: "पांघरूण म्हणजे झाकणं असतं, पण वाळू नदीला झाकत नाही, पाणी राखून ठेवते. म्हणून हे रूपक मला नुसतं सुंदर नाही, खरं वाटतं." आणि 'क'बद्दल: "कवीला वाटीचा आवाज माहीत होता की नाही हे मला ठाऊक नाही. पण मला तो ऐकू आला."

दामोदरांनी मला उलटं फिरवलं आणि त्या शेवटच्या वाक्याखाली निळी रेघ मारली. इतकी हळू, की ती मारताना मला प्रथमच कळलं, आपण कशाखालून जातोय.

"दोन ठिकाणी वेलांटी चुकली आहे," ते म्हणाले. "बाकी हरकत न..." आणि थांबले. "बाकी चांगलं आहे."

तिनं चांगल्या कागदावर उतरवलं. दुसऱ्या दिवशी दामोदर स्वतः तिच्याबरोबर टपाल कचेरीत गेले आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलले नाहीत. पुढचे कितीतरी दिवस ते रोज दुपारी जिन्यात उभे राहून टपालवाल्याची वाट बघत. प्रेमाबाई म्हणाल्या, "स्वतःच्या पेन्शनीची एवढी वाट बघितली नाही तुम्ही."

निकाल पाकिटात आलाच नाही, शिवलीलाच्या फोनवर आला. दयानंद म्हैसूरपाकाचा डबा घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. "पास झाली अण्णा! विसात चौदा!"

"सहा कशाला कापले?" दामोदरांनी विचारलं.

"तुमचा हात कुठेतरी लागलेला दिसला असेल," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्या घरात मी पहिल्यांदा दामोदरांना मोठ्यानं हसताना ऐकलं. शिवलीला मागून आली. ती हसत नव्हती. ती दाराला टेकून उभी होती, हातात फोन, आणि स्क्रीनवर आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती, ओठ हलवत.

मग ती आत आली, डबा उघडून दामोदरांच्या हातावर वडी ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, एक विचारू? मी एवढं लिवलं, तुमी एवढं वाचलं. पण तुमाला त्या कवितेत काय दिसलं, ते तुमी एकदा पण सांगितलं न्हाई."

"मी? मी काय सांगणार? असं दिसून येतं की..."

"तसं नको. तुमाला."

दामोदरांनी वडी तोंडात घातली नाही, हातातच धरून ठेवली. "लिहून सांगतो," ते म्हणाले. "तोंडी जमत नाही मला."

"मग लिवा," शिवलीला म्हणाली. "मी तपासतो."

ही गेल्या आठवड्यातली गोष्ट. आता दुपार आहे. प्रेमाबाई आत झोपल्यात. दामोदर टेबलाशी बसलेत. समोर कोरा कागद आहे, आणि त्यांनी पेन न घेता मला घेतलंय. का ते मला कळतं. पेननं लिहिलेलं पक्कं होतं, आणि त्यांना अजून तेवढा धीर नाही. अर्धा तास झाला. एवढ्या वेळात एकच शब्द लिहून झालाय, निळ्या टोकानं: "मला".

त्यापुढे ते थांबलेत. खिडकीबाहेर बघताहेत. त्यांना काय दिसतंय ते मला माहीत नाही. कदाचित पायाशी दिवे असलेलं एखादं गाव, जिथे ते कधी राहिले नाहीत. कदाचित एक कामगार, ज्याची आई खरोखर आजारी होती. त्यांच्या बोटांत ऊब आहे, आणि ती माझ्या लाकडातून थेट शिशापर्यंत पोचतेय.

अडचण एवढीच आहे की त्या एका शब्दावर त्यांनी इतका जोर दिला, की माझं निळं टोक बोथट झालंय. आता त्यांच्या ध्यानात आलं की ते म्हणतील, "टोक नाही, उद्या बघू." इतकी वर्षं मी त्यांना ओळखते. उद्या बघू म्हटलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत.

म्हणून वाचकहो, माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी चामराजपेटेत जवळपास असेल, तर जरा वर या. दार लोटलेलंच असतं. ब्लेड स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर आहे. आवाज न करता मला टोक करून द्या. मी आणखी थोडी लहान होईन, त्याचं काही नाही. पण हा माणूस आत्ता कुठे तळाशी पोचलाय, आणि त्याला थांबायला निमित्त मिळता कामा नये.